आधी लेव्हल, मग प्रायमर

मुळगावात विनोदिनी नावाच्या दोन बायका आहेत. एक देवळाकडची आणि दुसरी पियानाची. पियानाच्या विनोदिनीला हे नाव मुळीच आवडत नाही, असं ती सगळ्यांना सांगते. पण बाजारात कुणी नुसतीच "विनोदिनी" अशी हाक मारली, तर ती भाजीची पिशवी खाली ठेवून विचारते, "खंयची? देवळाकडली काय पियानाची?" आणि समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही.

तिचं माहेर पेडण्यात, कोरगावचं. तिचे वडील काजूच्या दिवसांत काजूचे आणि उरलेलं वर्ष भजनाचे. घरात पेटी होती. दोन्ही मुलग्यांना त्यांनी ती समोर बसवून शिकवली. विनोदिनीकडे पेटीचं एकच काम होतं, ते म्हणजे भजन संपलं की पट्ट्या पुसायच्या आणि वर खोळ घालायची. "चलयेक पेटी शिकवून कितें करूं? घोवाच्या घरांत पेटी आसची पडटली," असं वडील म्हणत. मुलीला शिकवली तर नवऱ्याच्या घरीही पेटी लागणार, या म्हणण्यात त्यांच्या मते मुलीच्या संसाराची काळजीच होती. ती जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक पट्टी पुसायची. भाता मिटलेला असे, त्यामुळे पट्टी दाबली तरी पेटी हूं की चूं करत नसे. सात-आठ वर्षं तिने मुकी पेटी पुसली. पुसताना बोटांना मात्र सगळं कळत गेलं, दोन काळ्या पट्ट्यांच्या डावीकडे सा असतो, इथपर्यंत. पण ते कुणाला सांगायचं कारण पडलं नाही.

लग्न होऊन ती डिचोलीत मुळगावला आली. नवरा गोकुळदास खाणीच्या कंपनीत कारकून. सासू गंगामाय. थोरले दीर कृष्णनाथ मराठी शाळेत मास्तर, आणि त्यांची बायको सुमनवैनी. पुढे विनोदिनीला गौरेश आणि गौरवी झाली. या घरात पेटी नव्हती. वडिलांची दूरदृष्टी अशी खरी ठरली.

मग ज्या वर्षी गोव्याला घटक राज्य मिळालं, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात या घरात पियान, म्हणजे पियानो, आला.

कंपनीचा डोंगरावर एक जुना बंगला होता. त्याच्या खाली चांगलं लोखंड निघणार असं कळल्यावर बंगला पाडायचं ठरलं, आणि आतलं सामान नोकरांनी उचलून न्यावं असं फर्मान निघालं. लोकांनी फ्रीज नेला, पंखे नेले, आरशाची कपाटं नेली, एकाने तर न्हाणीघराचं दार नेलं. गोकुळदासांचा स्वभाव असा की रांगेत मागून येणाऱ्यालाही ते "तुम्ही व्हा पुढे" म्हणत. सगळे पुढे झाल्यावर बंगल्यात दोन गोष्टी उरल्या, गोकुळदास आणि पियान.

तो घरी आला कंपनीच्या टिपरमधून. ड्रायव्हर भिकाजी सावंतवाडीकडचा. उभ्या आयुष्यात त्याने मातीच वाहिलेली. अंगणात टिपर लावून त्याने पियानाकडे बघितलं, गोकुळदासांकडे बघितलं, आणि म्हणाला, "सायबानू, ह्या उतरवचा कसा ता माका म्हायत नाय. माका आपला एकच येता."

असं म्हणून त्याने दांडा ओढला. टिपरची पाठ वर उठली. पियान सावकाश, एखाद्या थोर माणसासारखा मागे सरकला आणि पेंढ्याच्या ढिगावर उतरला. उतरताना त्यातल्या झाडून सगळ्या तारा एकदम ओरडल्या. गोठ्यातली गाय दावं तोडून गेली ती दुसऱ्या दिवशी लाटंबार्सेच्या वाटेवर सापडली.

आठ माणसांनी तो साळात, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीत, आणून उभा केला. गंगामायने त्याला सर्व बाजूंनी पाहिलं. मागे जाऊन पाहिलं. वाकून खाली पाहिलं.

"हाका भातो खंय?" तिने विचारलं.

"मांय, ह्याला भाता नसतो," गोकुळदास म्हणाले.

"भातो ना? मागीर हो श्वास खंयच्यान घेता?"

यावर सगळे चहा प्यायला आत गेले. विनोदिनी एकटी मागे राहिली. पियानावर खाणीची लाल धूळ बोटभर साचली होती. तिने सवयीने फडकं घेतलं आणि पहिल्या पट्टीवरून फिरवलं.

पियान बोलला.

तिने हात असा काढून घेतला, जसा चुलीवरून काढावा. आतून सुमनवैनी ओरडली, "कितें पडलें गो?" "कांय ना," विनोदिनी म्हणाली आणि फडकं पुन्हा, आणखी हळू फिरवलं. पियान पुन्हा बोलला. नुसत्या फडक्याला बोलत होता. त्या संध्याकाळी तिने तो चार वेळा पुसला.

पण घरात एक मोठी वस्तू आली की तिची अडचण कुणाला तरी होतेच. साळातली ती भिंत चवथीच्या गणपतीची होती. वर माटोळी, म्हणजे फळाफुलांचं छत, बांधायची, खाली चौरंग, समोर आरतीवाले. कृष्णनाथांनी तिथल्या तिथे निकाल दिला. ते घरातही वर्गात उभे असल्यासारखेच बोलत.

"चवथीपर्यंत वेळ देतो. गौरेश आणि गौरवी, तुम्ही दोघांनी आरतीला ही पेटी वाजवून दाखवायची. वाजली तर पेटी म्हणून राहील. नाही वाजली तरी पेटी म्हणूनच राहील. पण तांदळाची. पांडुरंग मेस्त झाकण बसवून देईल. मागच्या खोलीत ठेवू."

गंगामायला तांदळाची मोठी पेटी कधीपासून हवीच होती. तिने पियानाच्या पोटावर थाप मारून किती खंडी मावतील याचा अंदाज घेतला. त्या थापेने आतल्या तारा घुमल्या, आणि विनोदिनीने ती जागा पुन्हा पुसली.

म्हणजे आता मुलांना शिकवणं आलं, आणि शिकवायचं तर पुस्तक आलं. विनोदिनी म्हापशाला गेली. तिथे वह्या, पेन्सिली, लग्नाच्या पत्रिका आणि सगळ्या धर्मांची प्रार्थनेची पुस्तकं विकणारं एक दुकान होतं. पियानाची पुस्तकं तिथेच, वरच्या फळीवर.

"ग्रेड खंयची?" दुकानदाराने शिडीवर चढून विचारलं.

विनोदिनीने आपल्या माहितीप्रमाणे मुलाची आणि मुलीची इयत्ता सांगितली. "चलो चवथी पास जाला. चली पयली पास."

दुकानदाराला पियानातलं तिच्याइतकंच कळत होतं. "म्हणजे चलो आतां पांचवेंत," तो हिशेबाने म्हणाला. "ताका चवथें दिल्यार नापास केल्ल्याभशेन जातलें."

ते तिला पटलं. गौरेशला पाचव्या इयत्तेचं पुस्तक आणि गौरवीला दुसरीचं, अशी दोन पुस्तकं घेऊन ती बसमध्ये बसली आणि वाटेत तिने ती उघडली नाहीत. शाळेची नवी पुस्तकंही ती मुलांच्या हातात देईपर्यंत उघडत नसे.

घरी गौरेशने पाचवीचं पुस्तक उघडलं. पानभर काळं. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी टिंबं, शेपट्या, आकडे.

"आई, हें खंयच्या भाशेंत?" त्याने विचारलं.

झालं. त्या वर्षी या घरात भाषेचा शब्द काढायची सोय नव्हती. कोंकणीला राजभाषा करणारा कायदा नुकताच झालेला, आणि कृष्णनाथ मराठीच्या दोन मोर्चांत घसा बसेपर्यंत ओरडून आलेले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर केला.

"हाचें माध्यम कितें?"

"पियानाचं पुस्तक आहे, भावोजी."

"तें कळलें. माध्यम? इंग्लिश दिसता. ए, बी, सी घातलां. कोणाच्या तरी घरांत दो, रे, मी शिकयतात, तें फिरंग्यांचें. आमच्या घरांत सा, रे, ग, म. मराठीची गळचेपी हांव म्हज्या साळांत चलोवन घेवंचो ना!"

"कोंकणींतल्यान बोवाळ कित्याक मारतात मागीर?" सुमनवैनी आतून म्हणाली. ती डाळ निवडत होती.

"तूं डाळ निवड!"

आणि कृष्णनाथांनी खडू घेतला. डावीकडची अगदी पहिली पट्टी धरली आणि लिहायला सुरुवात केली, सा, रे, ग, म, प, ध, नी, पुन्हा सा, असं उजव्या टोकापर्यंत. फळ्यावर डावीकडून लिहितात, तेव्हा पट्ट्यांवरही डावीकडून. काळ्या पट्ट्या त्यांनी सोडून दिल्या. त्यांवर खडू उठून दिसला असता, पण त्या त्यांना समासासारख्या वाटल्या.

विनोदिनी दारात उभी होती. पहिल्याच अक्षराला तिच्या बोटांना कळलं की सा तिथे नाही. सा दोन काळ्यांच्या डावीकडे. ती "भावोजी" म्हणाली. कृष्णनाथांनी मान वळवली. "कितें?" "खडू हातांक लागला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून गौरेश मोठ्या काकांच्या देखरेखीखाली रोज आरती वाजवू लागला. भलत्या ठिकाणी सा धरल्यामुळे त्या आरतीचं असं काही झालं होतं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. सगळी आनंदाची आरती, पण घरात कुणी तरी आत्ताच गेलं असावं अशी. त्यात गौरेश डावीकडच्या घोगऱ्या पट्ट्यांवर, कारण अक्षरं तिथूनच सुरू होत होती. तिसऱ्या दिवशी शेजारची जानकी डोक्यावरून पदर घेऊन, चेहरा पाडून, पायऱ्या चढून आली.

"कोण गेलो गो?" तिने विनोदिनीला हळू आवाजात विचारलं.

"कोण ना. गौरेश आरती वाजयता."

जानकीने आत डोकावून गंगामाय जिवंत असल्याची खात्री करून घेतली. पण आल्यासारखी ती थोडी रडून गेली. पुढच्या दोन दिवसांत आणखी माणसं आली. पोदेर पाव द्यायला आला तो सायकल फाटकाबाहेर लावून, टोपी काढून उभा राहिला. त्यानंतर गौरेशने पियानाला हात लावायचं सोडलं. शाळेत पोरं त्याला "मड्याचो बॅण्ड" म्हणू लागली होती. गौरवीने दुसरीच्या पुस्तकाच्या पानाची आधीच होडी केली होती, आणि ती विहिरीजवळच्या पन्हाळीत बरी चालत होती.

आता माहीतगार माणसाला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अस्नोड्याला आंतोन मेस्त होते. चर्चमध्ये पोरांना व्हायोलीन, पियान शिकवणाऱ्यालाही गोव्यात मेस्त म्हणतात आणि सुतारालाही मेस्तच म्हणतात. पुढचा सगळा घोळ या एका शब्दातून झाला असं विनोदिनीचं म्हणणं. नवरा मात्र दोष बसगाडीला देतो.

"ऑफिसातून येताना अस्नोड्याला उतरा," तिने नवऱ्याला सांगितलं. "आंतोन मेस्ताला विचारा, सुरुवातीला कुठलं पुस्तक घ्यायचं. पाचवीचं नको, दुसरीचं नको, मग कुठलं?"

ती स्वतः त्या सकाळी कोरगावला निघाली होती, भावाच्या मुलाच्या बारशाला.

गोकुळदास अस्नोड्याला उतरले, तेव्हा आंतोन मेस्त व्हायोलीनची पेटी काखेत मारून दुसऱ्या बसच्या पायरीवर चढत होते. बस हलली. गोकुळदास बसबरोबर धावत सुटले. धावताना माणूस लहान वाक्य बोलतो, म्हणून पुस्तक हा शब्द राहून गेला.

"मेस्त! पियान आयला! सुरवात कशी करची?"

मेस्त दांडीला लोंबकळत ओरडले, "पयलीं लेव्हल पळय! लेव्हल पळयले बगर कांयच घेवंक नाका! मागीर प्रायमर!"

"प्रायमर?"

"प्रायमर! ताचे उपरांत एक नंबर!" आणि बस वळणावर गेली.

गोकुळदास रस्त्यात उभे राहून धापा टाकत राहिले, आणि त्यांच्या मनात हळूहळू उजेड पडला. बरोबर! टिपरमधून ओतलेला पियान. एका बाजूला कललेलाच होता तो, त्यावर ठेवलेला पेला आपोआप सरकत जाई. लेव्हल गेलेली! आणि बंगल्यात इतकी वर्षं पावसाची ओल खाल्लेलं लाकूड, त्याला प्रायमर नको? प्रायमरवर मग एक नंबरचा रंग. एवढी साधी गोष्ट आणि बायको पुस्तकं शोधत हिंडते आहे!

घरी आल्यावर त्यांनी थोरल्या भावाला सांगितलं. कृष्णनाथांनी मान डोलावली. "ह्या विषयांत आयज मेरेन कोणेंय उलयल्लें पयलें शाणेपणाचें उतर."

मेस्ताचं सांगणं मेस्तालाच कळणार, म्हणून पांडुरंग मेस्ताला बोलावणं गेलं. पांडुरंग मनापासून काम करणारा माणूस. त्याने पियानाच्या डोक्यावर लेव्हल ठेवली, आतला बुडबुडा पाहिला, ओठ चावला, पायांखाली फणसाच्या लाकडाच्या पाचरी ठोकल्या, पुन्हा बुडबुडा पाहिला. बुडबुडा मधोमध येऊन थांबला तेव्हा गोकुळदास, कृष्णनाथ आणि गंगामाय तिघांनीही टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. मग त्याने पॉलिश पेपर मारला, आणि मग प्रायमर. पुढून, बाजूने, पायांना, झाकणाला. झाकण उघडून आत. दाराच्या आतल्या कडेला प्रायमर न मारणाऱ्या सुतारांबद्दल त्याचं मत फार वाईट होतं.

विनोदिनी दुसऱ्या दिवशी बारशाचे लाडू घेऊन परत आली. उंबऱ्यावरच थांबली. साळात एक भलंमोठं, पांढुरकं, राखेच्या रंगाचं काही तरी उभं होतं. कापड काढायच्या आधी पुतळा दिसतो तसं.

"लेव्हल झाली," गोकुळदास पुढे येऊन म्हणाले. "आणि प्रायमरही. फक्त एक नंबर राहिलाय. रंग तूच सांग."

तिने लाडवांचा डबा खाली ठेवला. पुढे गेली. झाकण उघडलं. ते सुटताना चिकट आवाज झाला. आत पट्ट्यांची एकच सपाट राखी लादी झाली होती.

"काळ्या पट्ट्या?" तिने विचारलं.

पांडुरंग अजून तिथेच होता, ब्रश रॉकेलात धूत. "त्यो लांकडाच्यो, वैनी. तांणीं बरो धरला. धव्यो कसल्या तरी हाडाच्यो आसात, तांचेर प्रायमर धरना. पूण मारला हांवें. उण्याक दवरूंक ना."

"पांडुरंगा," विनोदिनी म्हणाली, "तुका प्रायमर कोणें सांगलो?"

"आंतोन मेस्तान."

"आंतोन मेस्तान पुस्तक सांगलां आसतलें रे!"

गोकुळदासांनी लाडवांचा डबा उचलून आत नेला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पांडुरंगाने ब्रश झटकला. "पुस्तकाक प्रायमर म्हणटात?" त्याने विचारलं. "मागीर प्रायमराक कितें म्हणटात?"

गंगामायने पुन्हा पियानाच्या पोटावर थाप मारली. "तांदळाक बरो," ती म्हणाली. "आतां किडो लागचो ना."

चवथ दीड महिन्यावर आली होती. विनोदिनीने नवऱ्याला पुन्हा कुठेही पाठवलं नाही. ती स्वतः अस्नोड्याला गेली. आंतोन मेस्त ओट्यावर बसले होते. तिने सगळी हकिकत सांगितली, आणि मेस्त हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. बायकोने आतून पाणी आणून दिलं.

"बाय, लेव्हल म्हणजे भुरग्याची लेव्हल," ते डोळे पुसत म्हणाले. "ताका किती येता ती. शाळेची यत्ता न्ही. कोण वाजयतलो?"

"म्हजीं भुरगीं."

"खंय आसात तीं?"

"एक नदीर गेला आसतलो. चली होडयो करता."

"बरें." मेस्तांनी तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. पिशवीवर तिची बोटं एकामागून एक खालीवर होत होती. "आनी हीं कोणाचीं बोटां?"

विनोदिनीने हात पदराखाली घेतला.

मेस्त आत जाऊन एक पातळ, कोपरे खाल्लेलं पुस्तक घेऊन आले. त्यांच्या सगळ्या पोरांनी त्यावर दात काढले होते, अक्षरशः. वर बदकाचं चित्र. आत लिंबाएवढी टिंबं, एका पानावर मोजकी.

"हो प्रायमर. हांगा पांचूच सूर. मदली पट्टी आनी तिच्या उजवेकडल्यो चार. हे पयलीं येवंक जाय. पांचवीक गेल्ल्याकय हेंच, आनी आजी जाल्ल्याकय हेंच."

बदकाचं पुस्तक पाहून गौरेश पाचवीतल्या मुलाला शोभेल इतका अपमान वाटून घराबाहेर पडला. गौरवीने बदक निळं रंगवलं, मग हिरवं, मग तिला कंटाळा आला. दोघांना बसवायचे सगळे उपाय संपल्यावर एका दुपारी, घर झोपलेलं असताना, विनोदिनी बोथट सुरी, रॉकेलची वाटी आणि डोक्यातली पिन घेऊन पियानासमोर बसली. तिने मधली पट्टी खरवडली. दोन काळ्यांच्या डावीकडची. आंतोन मेस्त तिला मधली म्हणोत, विनोदिनीला ती कोरगावपासून माहीत होती. मग शेजारची. पुस्तक मागेल तेवढ्याच पट्ट्या सोडवायच्या, असा तिने नेम केला. सगळा पियान खरवडायला वेळही नव्हता आणि रॉकेलही रेशनवर. पाच पट्ट्या पांढऱ्या झाल्या. बाकीचा पियान राखेत.

रोज दुपारी ती वाजवायची. लिंबं मोजत, जीभ दातांत धरून. कुणी जागं झालं तर हातात फडकं असायचं. "कितें करता गो?" "पुसतां." सुमनवैनी एकदा म्हणाली, "इतको पुसून हो झिजून वचतलो," आणि कूस बदलून झोपली. पण मग पुढच्या दुपारपासून तिने गंगामायला आपल्या खोलीत नेऊन झोपवायला सुरुवात केली. त्या खोलीला दार होतं.

चवथ आली. माटोळीला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगं, कांगलां, रानातली फळं बांधली गेली. पियान त्याच भिंतीला होता, वर चादर घालून. चौरंग त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसवला होता. पाहुणे येता-जाता म्हणायचे, "सिमेंटाचो कट्टो बरो बांदला हो." आरतीला वाड्यावरची सगळी माणसं जमली. मातीच्या घुमटावर ताल धरणारा घुमटवाला आला. पांडुरंग मेस्त आला, तो झांजा घेऊनच, पण त्याची नजर पियानाची लांबीरुंदी घेत होती. त्याने झाकणासाठी फळ्या आणून मागच्या पडवीत ठेवल्याच होत्या.

"गौरेश!" कृष्णनाथांनी पुकारलं. गौरेश नव्हता. तो फटाक्यांच्या पिशवीसह मागच्या दाराने केव्हाच गेला होता. "गौरवी!" गौरवी माटोळीखाली उभी राहून एक कांगल कधी पडेल याची वाट बघत होती. तिने "नाही" म्हणून मान हलवली.

"झालें तर," कृष्णनाथ म्हणाले आणि पांडुरंगाकडे वळले.

विनोदिनी हातातलं निरांजन घेऊन उभी होती. तिने ते सुमनवैनीकडे दिलं. चादर काढली. झाकण वर केलं, आणि बसली.

"हें कितें?" कृष्णनाथांनी विचारलं.

"पुसतां," विनोदिनी म्हणाली, आणि आरतीची पहिली ओळ वाजवली.

या वेळी कुणी मेल्यासारखं वाटलं नाही. घुमटवाल्याने सवयीने थाप दिली. माणसांनी तोंडं उघडली. सा, रे, ग, म, प, सगळं जागच्या जागी. अडचण पुढच्या ओळीत होती. आरती तिथे वर चढते आणि प्रायमर पंचमावर संपतो. विनोदिनी पंचमावर आली आणि थांबली. पुढच्या पट्ट्यांवर प्रायमर होता. आणि पियान माणसांपेक्षा मोठा असल्यामुळे माणसंही थांबली. साळभर लोक तोंडं उघडी ठेवून पंचमावर उभे. एकटे कृष्णनाथ धैवतावर चढले, वर कुणीच नाही असं पाहून तिथेच घोटाळले, माडावर चढलेल्या माणसाला शिडी काढून घेतल्यावर वाटेल तसं. मग चाल खाली आली. विनोदिनीची बोटं चालू झाली, आणि सगळे एकदम सुटल्यासारखे गाऊ लागले. दुसऱ्या कडव्याला लोकांना ते जमलं. चढायची वेळ आली की सगळे पंचमावर थांबत, झांजा वाजवत, आणि कृष्णनाथ खाली उतरेपर्यंत वाट बघत.

आरती संपली. प्रसाद वाटायच्या आधीच कृष्णनाथ म्हणाले, "हें चलचें ना. भुरग्यांनीं वाजवंचें अशें थारलें."

गंगामाय खांबाला टेकून बसली होती. तिने आपल्या थोरल्या मुलाकडे बघितलं. "विनोदिनी कोरगांवकारांचें भुरगेंच न्ही?" ती म्हणाली. मग सुनेकडे वळली. तिचा चेहरा अजून तांदळाच्या पेटीच्या बाजूचाच होता. "पूण गो विनोदिनी, वयले सूर खंय गेले? मदींच आंगण सोंपिल्लेवरी जालें."

"ते पुढच्या पुस्तकात आहेत, मांय."

"मागीर हाडूंक नाका तें पुस्तक?" गंगामाय चिडून म्हणाली. "फुडल्या वर्साय लोक अशेच आं करून रावतले काय?"

पांडुरंगाने मागच्या पडवीतल्या फळ्या चवथ संपल्यावर उचलून नेल्या. गंगामायसाठी त्याने त्यांची वेगळी पेटी केली, साधी, आणि तिलाही आतून प्रायमर मारला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी विनोदिनी म्हापशाला गेली. दुकानदाराने ओळखलं आणि विचारायच्या आधीच शिडी लावली.

"चलो आतां पांचवेंत बसला न्ही? आनी चली? ग्रेड सांग."

विनोदिनीचं शिक्षण सातवीपर्यंत झालं होतं, आणि हे तिने कधी कुणापासून लपवलं नव्हतं. तिने पिशवी दोन्ही हातांनी धरली.

"पयली," ती म्हणाली. "म्हाका."